संकेतस्थळांचे एकत्रीकरण : नवी मुंबईच्या संदर्भात एक संपादनविचार

१

महाराष्ट्रातील शासकीय मराठीची चर्चा आजवर प्रायः परिभाषेच्या अंगाने झाली आहे. १९६० साली राज्याची स्थापना झाली व त्याच वर्षी भाषा संचालनालय अस्तित्वात आले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी संभावना केली. आणि तेव्हापासून शासकीय मराठीचा वाद म्हणजे शब्दांचा वाद असे समीकरण रूढ झाले. संस्कृतोद्भव शब्द घ्यावेत की लोकांच्या तोंडचे घ्यावेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे यात संशय नाही. परंतु तो शासकीय मजकुराच्या एका घटकाचा प्रश्न होय. तो मजकूर कोणत्या रूपात जतन होतो, त्याचा पाठ कोण निश्चित करतो, आणि वाचकाने त्याचा आधार दिला असता तो दहा वर्षांनी पडताळता येतो की नाही, हे प्रश्न क्वचितच चर्चेत आले. कारण उघड आहे. आदेश कागदावर निघत होता तोवर त्याचा पाठ निघताक्षणीच स्थिर होई. राजपत्रात छापलेला किंवा दप्तरात बांधलेला मजकूर बदलावयाचा तर खाडाखोड करावी लागे, आणि खाडाखोड दिसत असे.

शासनाचा मजकूर संकेतस्थळांवर जाऊ लागला तेव्हापासून ही स्थिती पालटली. पडद्यावरील पाठ खाडाखोडीवाचून बदलतो आणि मागे खूण न ठेवता नाहीसाही होतो. त्यातच आता निरनिराळ्या कार्यालयांची संकेतस्थळे, तसेच कार्यालयांच्या अंतर्गत वापराची जाळी, समान आशय-व्यवस्थापन प्रणालीवर आणण्याचा काळ आला आहे. हे काम तांत्रिक मानले जाते, तंत्रज्ञांकडे सोपविले जाते, आणि त्याचे मूल्यमापन पानांची एकरूपता व ती उघडण्याचा वेग यांवरून होते. वस्तुतः ते संपादनाचे काम आहे. अनेक ठिकाणी विखुरलेले, परस्परांशी सर्वस्वी न जुळणारे लेखन एकत्र आणून त्यातून एक प्रमाण पाठ सिद्ध करणे, यालाच ग्रंथविद्येत संपादन म्हणतात. म्हणून त्याची परीक्षाही संपादनाच्या कसोट्यांवर झाली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

आशय-व्यवस्थापन प्रणालीचे तत्त्व थोडक्यात असे : जुन्या पद्धतीत संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे रचलेले असे, मथळा, मजकूर, रंग आणि मांडणी ही एकमेकांत गुंफलेली असत. नव्या पद्धतीत मजकूर वेगळा साठविला जातो आणि मांडणी वेगळी. मथळा, दिनांक, विभाग, मुख्य मजकूर, सोबतचे कागद असे कप्पे आधी ठरतात. लेखनिक ते भरतो. साचा त्या कप्प्यांना पानाचे रूप देतो. साचा एकदा बदलला की त्यावर आधारलेली सर्व पाने एकदम बदलतात. या सोयीतच प्रणालीचे सामर्थ्य आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे.

मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला येथे एक जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. आशय आणि अभिव्यक्ती ही परस्परांपासून विलग करता येतात काय, हा तो वाद. काव्याच्या बाबतीत त्यांची एकरूपता आता बहुधा सर्वमान्य आहे. शासकीय लेखनाच्या बाबतीत मात्र ती विलग करता येतात असे गृहीत धरले जाते, आणि प्रणालीची सारी उभारणी त्याच गृहीतावर झालेली असते. हे गृहीत कितपत खरे आहे, हे शासन निर्णयाच्या घडणीवरून पाहता येईल. शासन निर्णयाच्या माथ्यावर विभाग, क्रमांक व दिनांक असतो. त्याखाली ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाने सुरू होणारी यादी असते, तीत पूर्वीच्या निर्णयांचे व पत्रांचे क्रमांक येतात. मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, मग राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने झालेली स्वाक्षरी, आणि शेवटी प्रती कोणाकडे गेल्या त्यांची यादी. हा क्रम केवळ शोभेचा नव्हे. ‘वाचा’खालची यादी ही त्या निर्णयाची वंशावळ होय, प्रतींची यादी ही त्याच्या अंमलाची व्याप्ती होय. ज्या साच्यात मथळा, दिनांक आणि मजकूर एवढेच कप्पे आहेत, त्यात हा निर्णय ओतला तर त्याचे शब्द राहतील, पण त्याचे नातेसंबंध गळतील. म्हणजे मांडणी बदलली एवढेच घडत नाही. आशयाचा एक भाग नष्ट होतो. तेव्हा साच्यात कोणते कप्पे असावेत हे ठरविणे हाच एकत्रीकरणातील पहिला संपादकीय निर्णय आहे, आणि तो बहुधा मजकूर न वाचताच घेतला जातो.

३

या प्रश्नाचा विचार करण्यास नवी मुंबईइतके योग्य क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, नवे शहर उभारण्याचे काम त्याच्याकडे आले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका सुरू झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका. शहराचा एक भाग ठाणे जिल्ह्यात आहे, दुसरा रायगड जिल्ह्यात. कोकण विभागाच्या आयुक्तांचे कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. औद्योगिक पट्टा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, बंदर केंद्र शासनाकडे. याचा अर्थ असा की येथील रहिवाशाला एका घराच्या किंवा एका भूखंडाच्या कामासाठी चार-पाच कार्यालयांचे लेखन वाचावे लागते, आणि त्या प्रत्येक कार्यालयाचे संकेतस्थळ वेगळे असते.

अशा स्थितीत एकत्रीकरणाची इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. त्या दिशेने पावले पडलीही आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने प्रथम २००९ मध्ये प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ‘एस-थ्री-वास’ नावाची समान प्रणाली सिद्ध केली आणि जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर आणली. त्यामुळे ठाणे आणि रायगड यांची पाने आज एकाच साच्यातली दिसतात. सिडकोचा पूर्वीचा ‘सिडकोइंडिया डॉट कॉम’ हा पत्ता जाऊन तिचे संकेतस्थळ महाराष्ट्र शासनाच्या पत्त्याखाली आले. २०२५ च्या आरंभी राज्यातील कार्यालयांसाठी जो १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम राबविला गेला, त्याच्या सात कलमांत संकेतस्थळ हे पहिले कलम होते. सारांश, दिशा निश्चित झाली आहे. त्या दिशेने जाताना काय सोबत न्यावयाचे आणि काय मागे राहू द्यावयाचे, हा विचार मात्र तितका झालेला दिसत नाही.

या शहराचा इतिहास येथे बोधप्रद आहे. नियोजनकारांनी जमिनीवर क्रमांकांचे सेक्टर आखले. रेखाटनात ते सुबक होते. पण त्या रेखाटनाच्या आत गावठाणे होती, कोळीवाडे होते, शेताच्या बांधांची व देवस्थानांची नावे होती. ती साच्यात बसली नाहीत म्हणून नाहीशी झाली नाहीत. ती वादाच्या रूपाने राहिली. जानेवारी १९८४ मधील जासईचे आंदोलन व त्यातील पाच हुतात्मे, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व, त्यानंतरची साडेबारा टक्के योजना, आणि गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न, ही सारी परंपरा एकरूप आराखड्याने जे गृहीत धरले नव्हते त्याचीच आहे. संकेतस्थळांचा एकरूप साचा जमीन घेत नाही हे खरे. परंतु त्या जमिनीविषयीचे कागद तो घेतो.

४

संपादनाची पहिली कसोटी अवतरणाची. एखाद्या मजकुराचा आधार दिला असता दुसऱ्या वाचकाला तो त्याच ठिकाणी, त्याच रूपात सापडला पाहिजे. ‘संकेतस्थळ’ हा शब्द येथे उद्बोधक आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात संकेतस्थान म्हणजे नायक-नायिकेने भेटीसाठी ठरविलेली जागा. आणि जी नायिका ठरल्या ठिकाणी जाते पण जिला तेथे कोणीच भेटत नाही, तिला अष्टनायिकांच्या वर्गीकरणात विप्रलब्धा म्हटले आहे. अर्जात लिहिलेला पत्ता उघडून रिकाम्या पानापाशी पोचणाऱ्या नागरिकाची अवस्था याहून वेगळी नसते. भेद एवढाच की त्याच्या हातात सुनावणीची तारीख असते.

संकेतस्थळ एका प्रणालीवरून दुसरीवर जाते तेव्हा पानांचे पत्ते बदलतात, आणि जुन्या पत्त्यांचे दुवे निकामी होतात. हे टाळता येत नाही असे नाही. जुन्या प्रत्येक पत्त्यासमोर नवा पत्ता लिहिलेली एक सूची केली आणि ती प्रणालीला दिली, तर जुन्या पत्त्याने आलेला वाचक आपोआप नव्या पानावर पोचतो. ब्रिटनमध्ये १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह डॉट यूके’ सुरू झाले व २०१४ च्या अखेरीपर्यंत ३०० हून अधिक संस्थांची संकेतस्थळे त्यात विलीन झाली. त्या वेळी जुने पत्ते एक तर नव्या पानांकडे वळविले गेले, नाही तर राष्ट्रीय अभिलेखागाराने जतन केलेल्या जुन्या प्रतीकडे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि म्हणूनच ते प्रथम वगळले जाते. ब्रिटिशांच्या त्या उपक्रमावरही आक्षेप होते. सोप्या भाषेच्या आग्रहात तज्ज्ञांना हवा असलेला तपशील हरवल्याची तक्रार झाली. तथापि पत्त्यांच्या बाबतीत त्यांनी घालून दिलेला पाठ अनुकरणीय आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यावरचा एक उपाय महाराष्ट्राच्याच दप्तरात आहे. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या अखेरीस, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगून, त्याचा अठरा अंकी संकेतांक दिलेला असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे नमूद असते. संकेतांकाच्या आरंभीच्या आठ अंकांत वर्ष, महिना व दिवस असतो. अखेरचे दोन अंक विभागाचे असतात. हा अंक पानाचा पत्ता नव्हे. तो त्या लेखाचे नाव आहे. पत्ता बदलला तरी नाव बदलत नाही. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मोर्तब सुद’ अशी मर्यादा-मुद्रा उमटवीत. तिचा हेतू लेख येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, असा असे. संकेतांक आणि साक्षांकन ही तिची आधुनिक रूपे होत. ही युक्ती शासन निर्णयांपुरतीच मर्यादित राहिली हे मात्र खेदजनक आहे. महामंडळांचे ठराव, महानगरपालिकांची परिपत्रके, भूखंडवाटपाच्या सूचना यांना जावक क्रमांक असतात. पण प्रत्येक कार्यालयाची पद्धत निराळी असल्याने कार्यालयाबाहेर त्यांवरून शोध घेता येत नाही. एकत्रीकरणाचा खरा लाभ करून घ्यावयाचा तर समान रंगापूर्वी समान संकेतांक हवा.

५

दुसरी कसोटी पाठभेदांची. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले आणि ते केल्याची नोंद ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. संपादकाने आपला हात लपवू नये, हा आदर्श मराठीत इतका जुना आहे. तथापि एकनाथांनी ज्या प्रती पाहिल्या त्यांतील भेद नोंदले गेले नाहीत. परिणामी त्यापूर्वीचा पाठ कोणता, हा शोध पुढे शतकानुशतके चालला आणि १९०९ मध्ये राजवाडे यांना एकनाथपूर्व प्रत म्हणून एक स्वतंत्र आवृत्ती काढावीशी वाटली. उलट, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीत स्वीकृत पाठ पानाच्या वरच्या भागात आणि नाकारलेले पाठ तळटीपांत, अशी व्यवस्था आहे. निवड केली, पण नाकारलेले फेकले नाही. एकत्रीकरण करणाऱ्यांपुढे हे दोन नमुने आहेत.

शासकीय लेखनात पाठभेदांचे महत्त्व ग्रंथांहून कमी नाही, अधिकच आहे. साडेबारा टक्के योजनेविषयीचे निर्णय १९९० व १९९४ मध्ये निघाले, आणि त्यांच्या अंमलबजावणीत पुढे कितीतरी परिपत्रकांची भर पडली. प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांविषयी २०२२ मध्ये शासन निर्णय निघाला, आणि त्या विषयावरची चर्चा तेथे थांबली नाही. आता, उरण तालुक्यातील ज्या कुटुंबाची जमीन १९७० च्या दशकात संपादन झाली त्याला आजचा नियम कळणे पुरेसे नसते. अर्ज केला त्या दिवशी कोणता नियम होता, पात्रतेची अट कोणत्या शब्दांत होती, ती केव्हा बदलली, हे त्याला दाखवून द्यावे लागते. अद्ययावत पान त्याच्या उपयोगाचे नसते. कालबाह्य पानच त्याचा पुरावा असतो. एकत्रीकरणाच्या वेळी मात्र ‘जुना मजकूर काढून टाका’ ही पहिली सूचना असते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक संकेतस्थळाला मजकुराच्या संग्रहणाचे धोरण आखण्यास सांगितले आहे. परंतु धोरणाचे पान असणे आणि संग्रह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिनांकाचा प्रश्न याच कसोटीत येतो. हस्तलिखिताच्या अभ्यासात रचनेचा काळ, प्रत उतरविल्याचा काळ आणि संपादनाचा काळ हे वेगळे ठेवावे लागतात. पुष्पिकेतील शक हा प्रतीचा की ग्रंथाचा, यावर वाद होतात. स्थलांतराच्या वेळी दक्षता घेतली नाही तर प्रणाली सर्व लेखांना स्थलांतराचाच दिनांक देते, आणि तीस वर्षांचा क्रम एका दिवसात गोळा होतो. पानाच्या तळाशी दिसणारा ‘शेवटचे अद्ययावत’ हा दिनांकही पुष्कळदा त्या लेखाचा नसून संपूर्ण संकेतस्थळाचा असतो. म्हणून आदेश निघाल्याचा, प्रथम प्रसिद्ध झाल्याचा आणि नव्या प्रणालीवर आणल्याचा असे तीन दिनांक साच्यात स्वतंत्र कप्प्यांत असणे अवश्य आहे.

६

तिसरी कसोटी भाषेची व लिपीची. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीच्या वापरासाठी स्वतंत्र कायदा विधिमंडळाने २०२२ मध्ये संमत केला. कायद्याने मराठी हा मूळ पाठ ठरला. प्रणालीच्या रचनेत मात्र साचा बहुधा इंग्रजीत कल्पिला जातो आणि मराठी शब्द त्याच्या रिकाम्या जागांत भरले जातात. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर अधिकाऱ्यांच्या नावांच्या यादीला ‘कोण कोण आहे’ असा मथळा आढळतो. मराठीत कोणत्याही कार्यालयाने अशा यादीला आपणहून हे नाव दिले नसते. पानावरील लेखनाला ‘सामग्री’ म्हटलेले दिसते. मराठीत सामग्री पूजेची किंवा बांधकामाची असते. लिहिलेल्याला ‘मजकूर’ म्हणतात, आणि हा शब्द पेशवे दप्तरापासून कारकुनांच्या हाताखालचा आहे. अशा एका शब्दाची निवड साच्यात एकदा झाली की ती छत्तीस जिल्ह्यांत एकदम उमटते. पूर्वी चूक एका कार्यालयाची असे. अर्थात याला दुसरी बाजूही आहे : दुरुस्तीही एकदाच करावी लागते. पदनाम कोशाच्या काळात कोणाच्याही हाती नव्हते इतके मोठे साधन आज एका अनुवादकाच्या हाती आहे. त्या पदावर कोण बसतो याची चर्चा मात्र होत नाही.

लिपीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेची रूपे निश्चित केली. त्यात देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ यांचा स्वीकार झाला. युनिकोडमध्ये हिंदी व मराठी रूपांना एकच संकेत आहे. कोणते रूप दिसावे हे अक्षरसंचावर आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदली आहे की नाही यावर ठरते. नोटो सान्स देवनागरीसारख्या संचात मराठी रूपे उपलब्ध आहेत. पानाच्या गाभ्यात भाषेची नोंद योग्य असेल तरच ती प्रकटतात. म्हणजे शासनाचाच निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर पाळला जाणे हे एका दुर्लक्षित नोंदीवर अवलंबून आहे. याखेरीज युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या संचांत टंकित झालेला आहे. त्यात देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. रूपांतर न करता तो नव्या प्रणालीत ओतला तर केवळ निरर्थक चिन्हांची रांग उरते. जे कागद चित्ररूपाने, म्हणजे छायाप्रत काढून, पीडीएफमध्ये ठेवले आहेत ते दिसतात पण शोधात येत नाहीत. संशोधकाच्या दृष्टीने शोधात न येणारा लेख आणि नसलेला लेख यांत फार अंतर नसते.

७

कार्यालयांतर्गत जाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तेथील वाचक नागरिक नसून कर्मचारी असतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि कागदावरच विसंबलेल्या दप्तराची असुरक्षितता सर्वांस कळून आली. त्यानंतर नस्त्या संगणकावर चालविण्याच्या कामाला गती मिळाली हे योग्यच झाले. परंतु कागदी व्यवस्थेतील जे शहाणपण होते ते कागदाबरोबर टाकून देण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रातील कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत शिकविली जाते : चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जावयाची आणि नाश करावयाची, असे कागदांचे सहा गठ्ठे. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. काय कायम ठेवावयाचे आणि काय अल्पकाळाने नष्ट करावयाचे हे वर्गावरून ठरते. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी पुनर्रचना केली व जी ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली, तिच्या मुळाशी अभिलेखांची शिस्तच होती. नाश करण्यापूर्वी वर्ग ठरविणे, वर्ग ठरविण्यापूर्वी वाचणे, आणि नाशाची नोंद ठेवणे, हे या व्यवस्थेचे सार आहे. नव्या प्रणालीवर जाताना वर्गीकरणाविना जे वगळले जाते ते नाशाच्या नोंदवहीत कोठेच सापडत नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला. संकेतस्थळावरील पान हा अभिलेख आहे, ही जाणीव कार्यालयांत रुजणे अद्याप बाकी आहे.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सामान्य नागरिकाला इतिहास नको असतो, सेवा हवी असते. एकाच ठिकाणी, भ्रमणध्वनीवर वाचता येईल अशा रूपात अर्ज मिळाला की त्याचे समाधान होते. हा आक्षेप निराधार नाही. विखुरलेली संकेतस्थळे दुर्लक्षित राहतात, सुरक्षिततेच्या दृष्टीने कच्ची असतात, अंध वाचकांच्या साधनांना ती वाचता येत नाहीत, आणि त्यांवरील खर्च पुनःपुन्हा होतो. एकत्रीकरण आवश्यक आहे. वाद त्याच्या पद्धतीविषयी आहे. शिवाय सामान्य नागरिक आणि पुरावा शोधणारा नागरिक या दोन व्यक्ती नव्हेत. आज अर्ज भरणाराच उद्या अपिलात जातो.

दुसरा आक्षेप असा की जुना पाठ उपलब्ध ठेवल्यास लोक रद्द झालेल्या नियमावर विसंबतील. याचे उत्तर चिकित्सक आवृत्तीच्या पानावरच आहे. स्वीकृत पाठ वर, नाकारलेला खाली, आणि दोहोंमध्ये स्पष्ट रेघ. रद्द झालेल्या परिपत्रकाच्या माथ्यावर ‘रद्द’ असा शब्द, रद्द करणाऱ्या आदेशाचा संकेतांक आणि त्याचा दिनांक असला, तर संभ्रम उत्पन्न होणार नाही. संभ्रम उत्पन्न होतो तो जुना पाठ गुपचूप नाहीसा झाल्यामुळे; कारण तेव्हा ज्याच्या हाती जुनी छापील प्रत आहे आणि ज्याच्यापुढे नवे पान आहे, असे दोघेही आपलेच खरे म्हणतात.

तेव्हा नव्या प्रणालीवर आणलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला एक प्रस्तावना असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. कोणती संकेतस्थळे एकत्र केली, किती लेख आणले, कोणते वगळले, कोणत्या अधिकाऱ्याच्या मान्यतेने वगळले, वगळलेले कोठे पाहावयास मिळतील, जुन्या पत्त्यांची सूची कोठे आहे, एवढे तीत असले तरी पुरे. कोणत्याही जबाबदार ग्रंथसंपादकाने हे दिले नाही तर विद्यापीठात त्याची आवृत्ती ग्राह्य मानली जात नाही.

मराठी विभागांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. पाठचिकित्सेचे जे शिक्षण पदव्युत्तर वर्गात हस्तलिखितांच्या आधारे दिले जाते, त्याचा विनियोग आजच्या शासकीय पाठांवर करता येईल. नवी मुंबईतील एखाद्या योजनेची सर्व उपलब्ध परिपत्रके जमवावीत; छापील प्रती, चित्ररूप प्रती आणि नव्या प्रणालीवरील पाठ ताडून पाहावेत; ‘वाचा’खालच्या याद्यांवरून वंशावळ मांडावी; आणि कोणता दुवा तुटला आहे ते दाखवावे. असे काम झाले तर त्याचा पहिला वाचक कोणी समीक्षक नसेल. तो बेलापूरच्या किंवा उरणच्या एखाद्या गावठाणात, आजोबांच्या नावाचा कागद हातात घेऊन बसलेला असेल.